माल तुमच्या दुकानात आहे, पण माल आमचा आहे : मराठवाड्यातल्या हस्तकला दुकानदारांना आणि गॅलरीवाल्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

वेरूळ रोडवरचे, फर्दापूरचे, पैठणचे, संभाजीनगरात गुलमंडी-औरंगपुऱ्यातले, नांदेड, लातूर, तुळजापूरचे सगळे हस्तकलेचे दुकानदार आणि ज्यांनी अलीकडं हॉटेलात, कॅफेत, घराच्या खालच्या मजल्यावर छोट्या आर्ट गॅलऱ्या काढल्यात ते सगळे मालक, तुम्हा सगळ्यांना मिळून हे पत्र लिहायलेय. विकायला ठेवलेल्या मालाची लेखी नोंद करा म्हणून एकेकाला गाठून बोलून बघितलं, दरवेळी एकच उत्तर येतं, "बाई, तुमचा माझ्यावर भरवसा नाही का?" आणि मग आपणच खाली मान घालून परत येतो. म्हणून उघड लिहायलेय, म्हणजे कुणा एकट्याला लागणार नाही आणि सगळ्यांना विचार करावा लागेल.

मी अंबाजोगाईची. ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा केला, शाळेत चित्रकला शिकवते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवते आणि रात्री, सुट्टीत माझी स्वतःची चित्रं काढते. गेली आठ-दहा वर्षं आपल्या भागातल्या बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरी काढायलेय, पायऱ्या, देवकोष्ठं, पाण्यात पडलेली सावली, कुठं बारवेत कचरा टाकलेला असतो तोही काढते. एक चित्र म्हणजे जायचं-यायचं एसटीचं भाडं, दोन दिवस बसून स्केच, मग घरी पंधरा-वीस रात्री. हे सांगायचं कारण एवढंच की तुमच्या भिंतीवर जे टांगलेलं असतं त्यात माझं भांडवल अडकलेलं असतं, तुमचा एक रुपया नसतो.

२०१९ च्या दिवाळीत मी टुरिस्ट रस्त्यावरच्या एका दुकानात चौदा चित्रं ठेवली. फ्रेम माझ्या खर्चानं, एकेक साडेसहाशेची. मालक चांगला बोलणारा, चहा पाजला, म्हणाला ठेवून जा बाई, विकलं की फोन करतो. किती टक्के घेणार ते बोललो, तेही तोंडीच, तीस का पस्तीस हे आता दोघांनाही नीट आठवणार नाही. जानेवारीत दोन विकली गेली, पैसे हातात दिले, मी खूष. मग मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं, लेण्या बंद, टुरिस्ट बंद, दुकान बंद. फोन केला की ते म्हणायचे बाई तुमचा माल आहे तसाच आहे, काळजी करू नका. नंतर फोन लागायचा बंद झाला. २०२१ च्या थंडीत मी गेले तर तिथं मोबाईलची कव्हरं लटकत होती, नवीन भाडेकरू. विचारत विचारत कळलं की आधीच्या मालकानं देणं फेडायला दुकानातला सगळा माल दुसऱ्या एका दुकानाला देऊन टाकला होता.

त्या दुसऱ्या दुकानात गेले आणि समोरच्याच भिंतीवर माझी बारव दिसली. फ्रेम बदललेली, आणि फ्रेमच्या मापात बसावं म्हणून खालचा चार बोटं कागद कापून टाकलेला. सही त्याच पट्टीत होती. मी म्हणाले हे माझं चित्र आहे. ते म्हणाले, ताई, मी माझं येणं सोडून हा माल घेतलाय, तुमच्याकडं काय कागद आहे? माझ्याकडं फोनमधला एक फोटो होता, माझ्या टेबलावर चित्र ठेवलेलं असताना काढलेला. तो त्यांनी बघितला, वाईट वाटलं त्यांनाही, पण चित्र काही उतरवून दिलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तरी हाच प्रश्न विचारला असता.

परत आल्यावर वकिलाकडं गेले. त्यांनी जे सांगितलं ते तुम्ही आणि माझ्यासारख्या सगळ्या कलाकारांनी ऐकण्यासारखं आहे. १९३० चा माल विक्री कायदा आहे, त्याच्या कलम २७ मध्ये असं आहे की जो दुसऱ्याचा माल विकायचा धंदाच करतो, अशाच्या ताब्यात आपण आपणहून माल दिला आणि त्यानं धंद्याच्या रीतीप्रमाणं तो कुणाला विकला, आणि घेणाऱ्याच्या मनात काही खोट नसली, तर घेणारा मालक होऊन जातो. म्हणजे तुमच्या दुकानातून पुण्याच्या पाहुण्यानं चित्र नेलं तर मी त्या पाहुण्याच्या दारात जाऊ शकत नाही. मला विचारायचं ते तुम्हालाच, ज्याच्या हातात मी माल दिला त्याला. आणि तुम्हाला विचारायचं म्हटलं तर तुमच्याकडं माल दिला होता, किती दिला होता, कोणत्या भावानं, ह्याचा पुरावा पाहिजे. देणं फेडायला म्हणून दुसऱ्या दुकानाला दिलेला माल धंद्याच्या रीतीत बसतो की नाही ह्यावर भांडता आलं असतं, वकील म्हणाले, पण बाई, भांडायला कागद तर लागेल.

चौदा चित्रं, दोनाचे पैसे, बाराचं काहीच नाही.

आता मला तुम्हाला एका जुन्या शब्दाची आठवण करून द्यायचीय. जांगड. माझ्या आजोबांचं परळीला कापडाचं छोटं दुकान होतं. लग्नसराईत घरोघर लुगडी पसंतीला जायची, दहा नेली, तीन ठेवली, सात परत आली. त्याला जांगड म्हणायचे आणि त्याची एक वेगळी वही असायची, जांगडवही, लाल बांधणीची. कुणाच्या घरी कोणतं लुगडं, कोणत्या तारखेला, किंमत काय, परत कधी. आजोबा शेजारच्या सख्ख्या मित्राच्या घरी माल पाठवला तरी लिहायचे आणि तो मित्रही वहीत बोट ठेवून वाचायचा, कुणी म्हणत नव्हतं की तुझा माझ्यावर भरवसा नाही का. जुन्या मराठी शब्दकोशात सुद्धा जांगड वही हा शब्द सापडतो. हिऱ्यांच्या धंद्यात आजही जांगडाच्या चिठ्ठीवरच माल हातातून हातात जातो. म्हणजे विकला गेला तर पैसे नाहीतर माल परत, ही पद्धत काही परदेशातून गॅलरीवाल्यांनी आणलेली नाही, आपल्या बाजारात ती पिढ्यान् पिढ्या होती आणि वहीसकट होती. आपण पद्धत ठेवली आणि वही तेवढी टाकून दिली.

ह्या जांगडात कायद्याचा एक बारीक पेच आहे, तो मला वकिलांनी समजावला तेव्हा मी थक्क झाले. "माल ठेवलाय" ह्या एका वाक्याचे दोन अर्थ होतात. एक अर्थ, मी तुम्हाला माझे एजंट नेमलं, माल माझाच, तुम्ही माझ्या वतीनं विकणार आणि कमिशन घेणार. अशा वेळी १८७२ चा करार कायदा लागतो, कलम २१३ सांगतं की मालकानं मागितला की एजंटानं हिशोब द्यायलाच पाहिजे, आणि कलम २१८ सांगतं की मालकाच्या वतीनं आलेली रक्कम त्याला पोचती केली पाहिजे. दुसरा अर्थ, माल तुम्ही पसंतीवर नेलाय, ठेवा नाहीतर परत करा. तेव्हा १९३० च्या कायद्याचं कलम २४ लागतं, आणि त्यात असं आहे की परत करायची मुदत ठरली असेल आणि ती संपेपर्यंत तुम्ही "नको" असं कळवलं नाही, तर तो माल तुम्ही घेतला असं धरतात. मुदत ठरलीच नसेल तर वाजवी वेळ गेल्यावर. म्हणजे मालक हो, तुमच्या माळ्यावर तीन वर्षांपासून धूळ खात पडलेला जो माल तुम्ही "त्या बाईंचा आहे, नेत नाहीत" म्हणता, तो कदाचित तुम्ही विकत घेतलेला ठरू शकतो आणि त्याची पूर्ण किंमत तुमच्या अंगावर येऊ शकते. कागद नसण्यानं फक्त कलाकार बुडतो असं समजू नका. कोणता अर्थ धरायचा हे दोन ओळीत लिहून ठेवलं की दोघांची झोप शाबूत राहते.

आमच्या शाळेच्या पलीकडं तांडा आहे. तिथल्या दोन बाया, सासू-सून, बंजारा कशिद्याचे बटवे करतात, आरसे, कवड्या, काय ते टाके, मला शिकूनही तसे येत नाहीत. एका बटव्याला दोन दिवस जातात. त्यांनी एका दुकानात चाळीस बटवे ठेवले. दुकानानं चिठ्ठी दिली, चिठ्ठीवर "४० नग" एवढंच, ना तारीख, ना भाव, ना सही. पाच महिन्यांनी गेल्या तर नऊ विकले म्हणून एकशेवीस रुपयांच्या हिशोबानं एक हजार ऐंशी रुपये दिले आणि बावीस परत दिले. बटव्यावर दुकानाचा टॅग साडेतीनशेचा. परत दिलेल्यातले निम्मे उन्हानं विटलेले, कारण ते दुकानाबाहेर दोरीला टांगले होते, पाच महिने, आपल्याकडचं ऊन. सून शाळा शिकलेली नाही पण तिनं बोटं मोजली आणि मला विचारलं, "बाई, बाकीचे नऊ कुठं गेले?" मी फोन केला दुकानात, ते म्हणाले खराब झाले असतील, फेकले असतील, पोरांना माहिती.

ह्याचं उत्तर कायद्यात दीडशे वर्षांपासून आहे. दुसऱ्याचा माल आपल्याकडं ठेवून घेतला की साधा शहाणा माणूस स्वतःच्या तशाच मालाची जितकी काळजी घेईल तितकी घेतलीच पाहिजे, त्याच १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५१. तुमच्या स्वतःच्या पैशानं घेतलेली पैठणी तुम्ही दोरीला उन्हात टांगता का? हिमरूची शाल टांगता का? ती काचेच्या कपाटात असते. मग तांड्यावरचा बटवा बाहेर का, तर त्यात तुमचे पैसे गुंतलेले नाहीत म्हणून. मला ह्या एका गोष्टीचा सगळ्यात जास्त त्रास होतो. ज्या मालासाठी तुम्ही एक पैसा गुंतवला नाही तोच माल सगळ्यात निष्काळजीपणे ठेवला जातो, खरं तर तो सगळ्यात जपायला पाहिजे, कारण तो दुसऱ्याची ठेव आहे.

पैठणीच्या विणकरांचं मी इथं बोलत नाही. तिथं बहुतेक मजुरीचा हिशोब असतो, रेशीम-जर मालकाची, विणणाऱ्याला विणकामाचे पैसे, त्याचे प्रश्न वेगळे आहेत. आणि जे दुकानदार रोख पैसे मोजून पक्की खरेदी करतात त्यांच्याबद्दलही माझी काही तक्रार नाही, त्यांनी पुढं दुप्पट भावानं विकावं नाहीतर तिप्पट, जोखीम त्यांची आहे. गोंधळ होतो तो ठेवलेल्या मालात, कारण तिथं जोखीम आमची आणि भाव ठरवायचा अधिकार मात्र तुमचा, असं होऊन बसलंय.

आता डिस्काउंटचं बोलते, कारण सगळ्यात जास्त भांडणं इथंच होतात आणि तीही मनातल्या मनात. समजा माझ्या चित्राची किंमत दहा हजार लावली, तुमचं कमिशन चाळीस टक्के ठरलं. पूर्ण किमतीला गेलं तर तुम्हाला चार हजार, मला सहा हजार, इथपर्यंत ठीक. गिऱ्हाइकानं घासाघीस केली आणि तुम्ही वीस टक्के सोडून आठ हजाराला दिलं. आता मला किती? ठरलेले सहा हजार मला मिळाले तर सगळं डिस्काउंट तुमच्या खिशातून गेलं, तुम्हाला दोनच हजार उरले. आठ हजारावर चाळीस टक्के धरले तर मला चार हजार आठशे, दोघांनी वाटून सोसलं. आणि तुम्ही आधी तुमचे पूर्ण चार हजार काढून घेतले तर मला चार हजार, म्हणजे दिलदारपणा तुमचा आणि पैसे सगळे माझे. एकाच चित्राचे, एकाच गिऱ्हाइकाचे, तीन हिशोब आणि तिन्हीत मला मिळणारी रक्कम वेगळी. मला आजवर तिन्ही प्रकार भेटलेत आणि एकातही आधी कुणी विचारलं नव्हतं. मला वाटतं दहा टक्क्यांपर्यंत सूट द्यायला तुम्हाला मोकळीक असावी, ती दोघांनी सोसावी, त्याच्यापुढं जायचं असेल तर एक फोन करावा. फोन नाही केला तर वरचं सगळं तुमच्या वाट्याचं. पण हे माझं मत झालं, तुमचं वेगळं असू शकतं, जे काय ठरेल ते आधी लिहिलेलं असावं एवढंच म्हणणं आहे.

कमिशन किती असावं ह्यावर मी भांडणार नाही. मोठ्या शहरातल्या गॅलऱ्या तीस ते पन्नास टक्के घेतात हे मला माहितीय. त्या त्याच्या बदल्यात उद्घाटन करतात, छापील कॅटलॉग काढतात, घेणाऱ्यांना फोन करून बोलावतात. तुमचं दुकान असेल तर भाडं, लाईट, पोरांचे पगार, सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ बंद तेव्हाचा रिकामा दिवस, एप्रिल-मे मध्ये चिटपाखरू नसतं तेव्हाचं भाडं, हे सगळं मला दिसतं. तुमच्या जागेचे, तुमच्या बोलण्याचे, पाच भाषांत गिऱ्हाइकाला समजावून सांगता त्याचे पैसे तुम्हाला मिळालेच पाहिजेत. चाळीस घ्या, पण विकलेल्याचे उरलेले साठ वेळेवर द्या. गिऱ्हाइकानं तुमच्या क्यूआरवर पैसे टाकले त्या क्षणी त्यातले साठ टक्के तुमचे नाहीत, ते तुमच्या खात्यातून पुढं जायला आलेत. ते पैसे नवीन माल भरायला वापरले जातात, भाड्याला जातात, आणि आम्ही चार-चार महिने "शेठ, झालं का काही" म्हणून फोन करत राहतो, जसं काही उसने मागायलोय. तुम्ही उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) असलेल्या छोट्या कारागिराकडून पक्की खरेदी केली तर २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांच्या कायद्यानं लेखी ठरलं असलं तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, लेखी नसेल तर १५ दिवसांत. उधारीवर घेतलेल्या मालाला ही मुदत, मग ज्याचे पैसे गिऱ्हाइकानं आधीच रोख मोजलेत त्याला चार महिने कसे? दर महिन्याच्या दहा तारखेला मागच्या महिन्याचा हिशोब, विकलं असेल तर पैसे, नसेल तर "काही विकलं नाही" असा एक मेसेज. एवढा मेसेज आला तरी आम्ही महिनाभर शांत बसतो.

कागद म्हटलं की एक कारण हमखास ऐकायला मिळतं, "कागद केला की जीएसटी लागतो". नाही लागत. कलाकार चित्र गॅलरीत ठेवायला देतो तेव्हा तो कर लागणारा व्यवहार धरत नाहीत, कारण त्या वेळी पैसे दिले-घेतले जात नाहीत, गिऱ्हाईक चित्र निवडून विकत घेतं तेव्हाच विक्री होते आणि बिलही तेव्हाच फाडायचं, हे केंद्राच्या कर खात्यानं २१ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकात, क्रमांक २२/२२/२०१७, स्पष्ट सांगितलंय. माल नेताना सोबत डिलिव्हरी चलन, म्हणजे माल पाठवल्याची चिठ्ठी ठेवायची. म्हणजे सरकारच म्हणतंय चलन करा. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांना पसंतीवर पाठवलेल्या मालाचं बिल विक्री झाल्यावर किंवा पाठवल्यापासून सहा महिने, जे आधी होईल तेव्हा करावं लागतं, म्हणून मला तर सहा महिन्यांची मुदत सगळ्यांनाच बरी वाटते. सहा महिन्यांत नाही गेलं तर बोलू, भाव कमी करायचा का, परत न्यायचं का, दुसरं चित्र टांगायचं का. आमच्यातल्या बहुतेकांची वर्षाची विक्री जीएसटीच्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही, तुमच्या सीएला एकदा विचारा, दोन मिनिटांचा प्रश्न आहे.

हे सगळं जमतं का, तर जमतं. मी एका दुकानाला ओळखते, नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. तिथले काका सत्तरीचे आहेत. माल घेऊन गेलं की आधी टेबलावर पेपर अंथरतात, एकेक नग हातात घेऊन बघतात, कुठं ओरखडा असेल तर तिथंच दाखवतात, बाई हा आधीचाच आहे ना, आणि लिहितात. स्टेशनरीच्या दुकानात मिळतं ते साधं डुप्लिकेट बुक, मधी कार्बन. चित्राचं नाव, माप, कशावर काढलंय, गिऱ्हाइकाला सांगायची किंमत, कलाकाराला द्यायची रक्कम, टक्के नाही, थेट रक्कम, तारीख, परत न्यायची तारीख, आणि खाली छापील शिक्का मारलेला, "हा माल विक्री होईपर्यंत कलाकाराच्या मालकीचा आहे". दोघांच्या सह्या. पिवळी प्रत मला, पांढरी त्यांना. चित्राच्या पाठीमागं एक चिठ्ठी चिकटवतात त्यावर माझं नाव आणि वहीचा नंबर, म्हणजे उद्या दुकानाचं काही बरं-वाईट झालं, जप्ती आली, वाटण्या झाल्या, तरी कळेल की हे कुणाचं. दहा मिनिटं लागतात. एका पावसाळ्यात त्यांच्या भिंतीला ओल आली आणि माझ्या दोन वॉटरकलरना बुरशी धरली, त्यांनी स्वतः फोन केला आणि लिहिलेली रक्कम दिली, मी नको नको म्हणत होते तरी. ते म्हणाले वहीत लिहिलंय बाई. त्या माणसाकडं मी माझी सगळ्यात चांगली चित्रं नेते, आणि तांड्यावरच्या बायासुद्धा आता तिकडंच जातात, त्यांच्यासाठी काका बटव्यांचा फोटो काढून फोटोवरच आकडा लिहून प्रिंट देतात कारण त्यांना वाचता येत नाही. चांगला माल कुठं जातो ते बघा तुम्ही. तुमच्याकडं उरलेला येतो.

असं वाटू नये की हा आपल्याच गावाकडचा, अडाणीपणाचा प्रश्न आहे. न्यूयॉर्कमध्ये सॅलेंडर-ओरायली नावाची फार नावाजलेली गॅलरी होती, लोकांनी विश्वासानं ठेवलेली चित्रं परस्पर विकून पैसे दिले नाहीत, २००७ ला गॅलरी बंद पडली आणि २०१० ला मालकानं गुन्हा कबूल केला, तुरुंगात गेला. तिथं १९६६ पासून असा कायदा आहे की कलाकारानं गॅलरीत ठेवलेलं काम आणि त्याच्या विक्रीचे कलाकाराच्या वाट्याचे पैसे ही विश्वस्त ठेव आहे, ह्या प्रकारानंतर २०१२ ला तो आणखी कडक केला. आपल्याकडं कलाकार आणि गॅलरीसाठी असा वेगळा कायदा नाही. म्हणून आपल्याला ती ओळ आपल्या हातानं कागदावर लिहावी लागते.

आणखी एक, ह्याला धरूनच. माझ्या एका बारवेच्या चित्राचा फोटो काढून एकानं तो चहाच्या मगवर आणि कॅलेंडरवर छापला. विचारलं तर म्हणे चित्र आमच्याच दुकानात होतं ना. चित्र दुकानात ठेवलं, अगदी विकलं गेलं, तरी छापायचा हक्क चित्रकाराकडंच राहतो, तो लेखी दिल्याशिवाय जात नाही, १९५७ चा कॉपीराइट कायदा. जाहिरातीला, इन्स्टाला फोटो टाका, खुशाल टाका, खाली नाव लिहा. मगवर छापायचं असेल तर विचारा, मी बहुतेक हो म्हणेन. आणि सहीची पट्टी कापू नका हो. त्याच कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे की कामावर आपलं नाव असण्याचा आणि कामाची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क कलाकाराचा, काम विकल्यावरसुद्धा. अमरनाथ सहगल ह्या शिल्पकारांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भलंमोठं भित्तिशिल्प १९७९ ला काढून गोदामात टाकलं होतं, ते सरकारशी भांडले आणि २००५ ला दिल्ली हायकोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. मी काही हायकोर्टात जाणार नाही चार बोटं कागदासाठी. पण ती चार बोटं असती तर त्या दिवशी दुसऱ्या दुकानात मला बोट ठेवून दाखवता आलं असतं की हे बघा, हे माझं नाव.

माझ्या कलाकार मैत्रिणी-मित्रांनाही ह्याच पत्रात सांगते, दोष आपलाही आहे. आपण भिडेपोटी मागत नाही. पहिल्यांदा कुणी भिंत दिली म्हणून इतके हरखून जातो की चौदा चित्रं ठेवून चहा पिऊन परत येतो. आपली यादी आपण घरूनच दोन प्रतींत करून न्यावी, मालकानं फक्त सही करावी. सही नको म्हणाले तर निदान यादीचा फोटो त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून "मिळालं" एवढं उत्तर घ्यावं. आणि तेही नाही म्हणाले तर चित्रं परत एसटीत घालून आणावीत, जड वाटतं, पण बारा चित्रं गेल्यावर जे वाटतं त्याच्यापेक्षा हलकंच आहे.

ऑक्टोबरपासून सीझन सुरू होईल. दिवाळीच्या आधी मी नवीन अकरा चित्रं घेऊन निघणार आहे, आधी संभाजीनगर, मग वेरूळ रोड, मग फर्दापूर. सोबत तांड्यावरचे साठ बटवे असतील, मोजलेले, फोटो काढलेले. माझ्या पिशवीत एक डुप्लिकेट बुक आणि कार्बन असेल, ह्या वेळी पुस्तक माझं. तुमच्या दुकानात आले आणि टेबलावर ते काढलं तर राग मानू नका, चहा सांगा, आणि पेन तुमचं द्या.

आपली,
अंबाजोगाईची एक चित्रकला शिक्षिका